जुनून, पोलादपूरमार्गे

एकट्यानं घाट उतरताना भीती वाटत होती, म्हणून मी उर्दूतले पाढे मोठ्यानं म्हणू लागलो. निजामाच्या राज्यात, जालन्यात चौथीला शाळा सोडलेल्या माणसाकडे भीतीवर दुसरं औषध कुठलं? मामांच्या कृपेनं महाडच्या एका हिरड्याच्या वखारीत जागा मिळणार होती. पण दिवस मावळायच्या आत पोहोचलो तरच.

पोलादपूरच्या अलीकडे एका वाडीत पाणी मागितलं. ऐन दुपारी एकटा, परक्या बोलीत पुटपुटणारा माणूस! वाडीनं डॉक्टरपेक्षा लवकर निदान केलं.

"गो आये, याला वाटंत कुनीतरी धरलाय!" अंगणातली बाई ओरडली.

भगत (बाधा उतरवणारा) आला. माझ्यावरून नारळ ओवाळत म्हणाला, "कोन हायस तू?"

"जालन्याचा."

"तू नाय रे, तुझ्यातला!"

मग मी विद्वत्ता काढली. म्हटलं, "याला उर्दूत जुनून म्हणतात, म्हणजे वेड. मला ते नाही. शब्द मूळचा अरबी, झाकण्यावरून आलेला. नजरेला झाकलेला तो जिन्न, झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, आणि जिन्नानं अक्कल झाकली की जुनून." शाळेत मौलवीसाहेबांनी छडीसकट शिकवलेलं, विसरेन कसा?

भगतानं शांतपणे ऐकून घेतलं. "मंग आमी दुसरा काय बोलतोय?"

माझं शिक्षण इतक्या चटकन कुणालाच पटलं नव्हतं.

नारळ फुटला. हुकूम झाला, "म्हाडची वेस लागंपर्यंत मागं बघायचा नाय, बोलायचा नाय. बोललास तर परत धरील." त्या बाईनं फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) बांधून दिली. आभार मानायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच दाबलं.

माझा विश्वास मुळीच नव्हता. फक्त महाडपर्यंत बोललो नाही. वेस नेमकी कुठली, हे विचारायलाही बोलावं लागलं असतं; म्हणून वखारीतही मुकाच उभा राहिलो. त्याच जागेसाठी आलेला एक मॅट्रिक शेठजींना आपली हुशारी ऐकवत होता. मी प्रत्येक प्रश्नाला मान हलवली.

"हाच राहू दे," शेठजी मुनिमाला म्हणाले. "शहाणा दिसतो. त्या मॅट्रिकनं डोकं खाल्लं माझं."

दिवाळीला घरी निघालो तेव्हा वाटेत वाडीत नारळ घेऊन गेलो.

"काय रे, गेला का तुझा जुनून?" भगतानं विचारलं.

"गेला, बाबा. जाताना नोकरी देऊन गेला."

घाट चढताना पुन्हा भीती वाटली. पाढे मनातल्या मनात म्हटले. वेड म्हणजे झाकलेली अक्कल, हे मौलवीसाहेबांनी शिकवलं. शहाणपण म्हणजे झाकलेलं तोंड, हे शिकायला पोलादपूरला यावं लागलं.