कोरडे हात

त्या दिवशी सकाळपासून दोन ऑपरेशनं झाली होती. दोन्ही पेशंट क्षयाचे. फुप्फुसावर पू साचून घट्ट झालेली साल दुर्बिणीतून तासन्‌तास सोलत राहायचं. मान आखडून गेली होती. ओपीडीत शेवटी हसनाबादची एक मुलगी आणि तिची आई उरल्या होत्या. मुलगी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काही बोलायच्या आधी तिनं तळहात माझ्यासमोरच्या केसपेपरवर ठेवला आणि उचलला. कागदावर ओला पंजा उमटला.

"बी मोजाया घेतलं की बोटालाच चिकटतंय, सर. लेबलावरची शाई फुटती. हजेरीचं मशीन अंगठा घेत न्हाई."

"थंडीतबी असंच," आई म्हणाली.

यावर ऑपरेशन आहे. काखेखाली बारीक छिद्रं पाडायची आणि छातीच्या आत बरगड्यांवरून जाणारी दोऱ्याएवढी नस कापायची. हात कोरडे होतात, पण पुष्कळदा तोच घाम पाठीपोटावर फुटायला लागतो. हे मी तिला सांगितलं. कसं सांगितलं तेही आठवतं. पेनाचं टोपण लावत, घड्याळाकडे बघत. ती लगेच "चालंल" म्हणाली.

ऑपरेशन तासाभरात आटोपलं. शुद्धीवर आल्यावर ती नुसते तळहात एकमेकांवर घासत राहिली आणि रडली. आईनं माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

उन्हाळ्यात ती एकटीच आली. कुर्ता पाठीला चिकटला होता.

"दिवसातून तीनदा कपडे बदलून राह्यले, सर. नस परत जोडता येती का?"

"नाही, बेटा. मी सांगितलं होतं."

"सांगितल्तं. पर तवा मला हाताबिगर काही सुचतच नव्हतं."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

पावसाळ्यात तशीच तक्रार घेऊन जाफराबादकडची एक कॉलेजातली मुलगी आली. पुन्हा तेच सगळं सांगायचा मला कंटाळा आला होता, आणि माझ्या सांगण्यावर भरवसाही उरला नव्हता. मी हसनाबादच्या त्या मुलीला फोन लावला. ती शनिवारी कामावरून सुटून आली. नव्या मुलीचा हात तिनं आपल्या कोरड्या हातात धरला, मग पाठमोरी होऊन ओढणी बाजूला केली आणि घामानं भिजलेला कुर्ता दाखवला.

"ताई, तुमी परत केलं असतं का?"

तिनं ओढणी परत पाठीवर घेतली. "ते मला नको इचारू. एक उन्हाळा काढ, मंग ठरव."

ती कॉलेजातली मुलगी अजून आलेली नाही. मीही विचारपूस केली नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. त्या शनिवारी दोघी गेल्यावर मी खुर्चीतच डोळे मिटून बसलो. सिस्टरनं दार उघडून विचारलं, "सर, पुढचा पेशंट पाठवू?"

"पाच मिनिटं थांबा," मी म्हणालो.