बिडीची सुट्टी

"फुप्फुसातली गाठ कॅन्सरचीच आहे," डॉक्टर म्हणाले आणि बायॉप्सीचा कागद आमच्याकडे फिरवला. बायॉप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. मला तो कागद वाचता येत होता, तरी मी वाचला नाही. शेजारी माझा धाकटा भाऊ दत्ता बसला होता. वय त्रेचाळीस.

"बिडी कधीपासून?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"कामाला लागल्यापासनं."

"कशी लागली?"

दत्ता जरासा हसला. "बिडीबिगर बसाया मिळत नव्हतं, साहेब."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो. तेव्हा जे बोललो नाही, ते आज लिहितो आहे.

आम्ही भाजे गावचे. तळेगावजवळच्या एका कारखान्यात मी कायम, सुपरवायझर. दत्ता तिथंच कंत्राटी, ट्रकमध्ये माल चढवायला. कामाच्या मधे कुणी बसायचं नाही, हा नियम कंपनीचा नव्हता, माझा होता. सूट फक्त बिडी ओढणाऱ्यांना. तलफ आलेला माणूस धड काम करत नाही, असं मला वाटायचं. "ज्याला ओढायचीय त्यानं दहा मिनिटं गेटबाहेर जा, बाकीच्यांनी हात चालवा." हे मी अठरा वर्षं बोललो.

पहिल्या महिन्यातच दत्ता गेटबाहेर दिसला. मी पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी स्वतः कधी ओढली नाही. मला केबिनमध्ये खुर्ची होती.

खोकला चार महिने होता. कंत्राटी माणसाला दवाखाना म्हणजे खाडा, म्हणून तो दुकानातून औषधाची बाटली आणायचा. माझा मात्र कंपनीकडून दरवर्षी छातीचा एक्स-रे होई. थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा कुठे आम्ही पुणं गाठलं. तोवर स्टेज फोर होती, म्हणजे रोग फुप्फुसाबाहेर पडून हाडांत उतरला होता.

मग केमोथेरपी, म्हणजे शिरेतून सोडायचं औषध. तिसऱ्या वेळी सुई लावून नर्स गेली आणि दत्ता खुर्चीत मागे रेलला.

"बग दादा, हितं बिनबिडीचं बसाया मिळतंय."

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. "दत्ता, तुला बिडी मी लावली."

तो बाटलीतून पडणारे थेंब बघत राहिला. मला वाटलं, नाही म्हणेल.

"व्हय," तो म्हणाला. "सखूमावशीला अजून बसू देत न्हाईस ना? ती तर वडत बी न्हाई."

सखूमावशी आमच्या कारखान्यात झाडायला आहे. इतक्या वर्षांत ती एकदाही बसलेली मी पाहिली नव्हती.

दत्ता दिवाळीच्या आधी गेला.

तेरावा झाल्यावर मी कामावर आलो आणि सगळ्यांना बोलावलं. "आजपासनं सगळ्यांना दहा मिनिटं. ओढा, नका ओढू." तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर एवढं आधीच करा. खोकला तीन आठवडे टिकला, तर त्यांना हजेरी न कापता दवाखान्यात पाठवा. मी दोन्ही वेळेत केलं नाही.

त्या दिवशी चौघे सवयीनं गेटबाहेर गेले. दोघे अर्ध्यातून परत आले आणि सावलीला टेकले. सखूमावशी झाडू धरून उभीच होती.

"मी बी?"

"तुमी बी, मावशी."

ती पोत्यावर बसली, पाय लांब केले. "लय बरं वाटलं," म्हणाली.

दत्ताला एवढंच हवं होतं.