वडी तुमची, रस्सा आमचा

पुसदच्या स्टँडवर उतरलो आणि काकूंचा फोन आला. "तात्या गेले," एवढंच म्हणाल्या. मग हळूच, "काल घोडेगावात काय खाल्लं रं ह्यांनी?" माझं घर तिथून हाकेवर, बहीण वाट बघत होती, पण मी तसाच परतीच्या गाडीत बसलो.

आठवीत शाळा सुटली, त्यामुळे लिहायची भीती वाटते. पण या काही आठवड्यांत जे कानावर येतंय ते ऐकून गप्प राहणं त्याहून अवघड. नाक्यावरची माणसं म्हणतात, मटण सोडलं, अंगातला कस गेला, म्हणून तात्या गेला. काकूंच्या माहेरचे म्हणतात, सोडलंच नव्हतं, बाहेर खात होता. बोलणाऱ्यांपैकी तात्यांबरोबर गाडीत कोणीच नव्हतं. स्टेअरिंगवर मी होतो.

नारायणगावात टोमॅटो तोडणीचा हंगाम संपला तेव्हा मी पिशवी घेऊन रस्त्याकडेला बसलो होतो. कुठं जायचं ठरत नव्हतं. तात्या तिथलेच शेतकरी. त्यांनी गोठ्यामागची खोली दिली, पिकअप चालवायला शिकवली. पुढं त्यांच्या छातीत कळ आली, हृदयात स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या, गाडी चालवणं आणि मटण. गाडी माझ्याकडं आली. मटणाचं मात्र कोणाला खरं वाटेना. जत्रेच्या मटणासाठी पाच गावं पालथी घालणारा माणूस! "बिबट्यानं मेथी धरली म्हणायची," असं दोस्तमंडळी म्हणायची. गावच्या जत्रेत तात्या पळी घेऊन पंगतीत मटण वाढत फिरले, स्वतः कडेला बसून नाचणीची भाकरी आणि मोडाची मटकी खाल्ली. पण लोकांना दिसली ती हातातली पळी. तात्या घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. मटणाचा वास येतो का बघायला काकूंनी त्यांचा हात नाकाशी धरला. तात्या डॉक्टरपुढं धरावा तसा हात पुढं करून निमूट उभे. त्या दिवसापासून ती रोजची रीतच झाली.

मग काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लक्ष ठेव." सांगितलं तर तात्यांचं खाऊन त्यांच्याच चहाड्या, नाही सांगितलं तर काकूंशी खोटेपणा... आणि दोन्हीकडून खोली जायची भीती. त्याच आठवड्यात टोमॅटोची रोपं उतरवून घोडेगावच्या खानावळीत बसलो, तर तात्या म्हणाले, "दोन मासवडी." मास हा शब्द ऐकला आणि मला घामच फुटला. ताटलीत माशाच्या तुकड्यांसारखे काप आले, आत काळपट मसाला. मी बोटानं चाचपत बसलो. तात्यांच्या लक्षात आलं. "काटं हुडकतो का रं, फौजदार?" म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले. बेसनाची वडी, आत तीळ, खोबरं, कांदा. माशाचं फक्त नाव. आमच्याकडच्या पाटवडीचीच बहीण म्हणायची. तेव्हापासून मी फौजदार.

घरी आल्यावर काकूंना सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "वडी ठीक हाय. रस्सा कुठल्या पातेल्यातला व्हता?" खानावळीत मटणाचं आणि साध्या रश्श्याचं, दोन्ही पातेली शेजारी, वर बोटभर तेलाचा तवंग. दुसऱ्या दिवसापासून काकू घरचा रस्सा कडीच्या डब्यात देऊ लागल्या, तेल नावापुरतं. तात्या खानावळीत शिरतानाच सांगायचे, "वडी तुमची, रस्सा आमचा."

मालक चिडायचा. "तात्या, माझ्या रश्श्यात काय इख हाय का?"

"रश्श्यात न्हाई राव, पळीत हाय. दोन्हीकडं बुडती."

सहा-सात महिन्यांत फरक दिसला. आधी चढावरच्या भातखाचरापर्यंत जाताना चार ठिकाणी बसायचे, ते माझ्याशी बोलत बोलत वर जायला लागले. पण काकूंचा संशय फिटेना. डबा एवढा लख्ख परत येतो म्हणजे वाटेत ओतून देत असणार. तात्या तो भाकरीनं पुसून खायचे, हे मी किती वेळा सांगितलं. तुझं काय, तू त्यांचाच माणूस, म्हणायच्या.

पुसदहून मी परत पोचलो तेव्हा अंत्यविधी आटोपला होता. स्वयंपाकघरात बायका बसलेल्या. काकूंनी मला बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय खाल्लं?"

"मासवडी."

"आन रस्सा?"

"तुमचाच, काकू."

काकू माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, खोटं शोधत असल्यासारख्या. मग आवाज एकदम खाली आला. "त्या दिशी तिखट जास्त पडलं व्हतं. मला मागनं कळलं. काय म्हनले का?"

"म्हणाले, लई झणका झालाय आज... पण डबा पुसून खाल्ला."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

डबा अजून सीटमागच्या खिळ्याला कडीनं लटकतो. आता काकू तो माझ्यासाठी भरतात. मला काही बंदी नाही, पण माझंही मटण कधी सुटलं, कळलं नाही. संध्याकाळी डबा परत दिला की काकू झाकण काढून आधी हुंगतात. मी जागचा हलत नाही. तात्या हात पुढं करून थांबायचे तसा, काकूंचं हुंगून होईपर्यंत दारात उभा राहतो.