आत्याबाईंचा खुबा आणि माझा नवस

माझी फजिती सांगायची, तर आधी माझा नवस सांगावा लागंल बघा. गेल्या साली सासूबाई अंगणात घसरल्या, खुबा मोडला. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी तुळजाभवानीला हात जोडले, "आई, त्या पुन्हा आपल्या पायांनी उंबरा ओलांडून आत येऊ देत, तुझी ओटी भरीन. तोवर चिनी मातीची वस्तू घरात न्हाय!"

चिनी मातीच का? अहो, चहा मला कपबशीतच गोड लागतो. आवडतं तेच सोडावं ना? कपबश्या शेजारी दिल्या आणि स्टीलच्या पेल्यानं रोज ओठ भाजून घेतले.

उमरग्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खुब्यात बसवतात तसला नमुन्याचा एक गोळा माझ्या तळहातावर ठेवला. अहाहा! गुलाबी, आरशासारखा गुळगुळीत, बोट टेकलं की घसरायचं. देवाघरचं फळच जणू!

"असाच बसवलाय त्यांना. सहजी झिजायचा नाही."

"कशाचा हो हा?"

"सिरॅमिकचा. बारीक पूड साच्यात दाबून भट्टीत भाजतात. तुमच्या कपबशीच्याच कुळातला समजा."

माझे हात आपोआप जोडले गेले. आधी नवलानं, मग भीतीनं!

घरी आलो. आत्याबाई वॉकर धरून दारात पोचल्या, आणि मी उंबऱ्यात आडवी.

"थांबा! आत येऊ नका!"

"का गं? भाकरतुकडा ओवाळायचा ऱ्हायला का?"

"तुमच्यात चिनी माती हाय!"

सांगा, काय करावं? त्या आत आल्याबिगर नवस फिटंना, आणि नवस फिटल्याबिगर त्यांना आत घेता येईना! मी रडकुंडीला, त्यांचे पाय लटपटायला लागलेले.

"अगं, नवरात्रात घट कशाचा बसवतीस?"

"मातीचा."

"कच्चा का भाजलेला?"

"भाजलेला."

"मग माझ्यातबी घटच बसवलाय म्हण. अन् तुझ्या दाढेवरची ती पांढरी टोपी कशाची गं?"

मी जिभेनं चाचपलं. सिरॅमिकची! नवसाच्या आधीपासून तोंडातच! उपवास, आरत्या, सगळं तिच्यासकट!

"मग तू ये भाईर," आत्याबाई म्हणाल्या, "मी जाते आत." आणि मला बाजूला सारून त्यांनी उंबरा ओलांडला. आपल्या पायांनी!

मी अंगणात उभी राहून बघतच राहिले. भाजलेल्या मातीकडून आई काय काय करवून घेते!

ओटी भरली, कपबश्या परत आल्या. बायांनो, तुम्हीही नवस बोला, आई ऐकते. फक्त बोलायच्या आधी एकदा तोंडात जीभ फिरवून बघा.