वानखेडे साहेबांचा जामून

दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ रोज सकाळी फडक्यानं झटकता येते. किस्से झटकायला गेलं की जास्तच उडतात!

कारंज्यात माझं खत-बियाणं आणि कुंड्यांचं दुकान आहे. शाळेशी माझं लवकर फाटलं. डेलियाबद्दल जे काही शिकलो, ते गिऱ्हाइकांच्या चुकांतून, आणि फी त्यांनीच भरली. दसऱ्याच्या सुमारास डेलियाची रोपं आली की दुकानापुढच्या बाकावर आमची मंडळी जमते. रिटायर तलाठी वानखेडे साहेब, जनावरांचे डॉक्टर राऊत, भाजीचा मळा करणारे भोयरभाऊ आणि शाळेतल्या छायाताई. चौघांच्याही अंगणात डेलिया. माझ्याही आहे, पण विकून उरलेला.

*

भोयरभाऊंना पहिल्या वर्षी मी सांगितलं, "भाऊ, मोठं फूल पाहिजे असेल तर मधली कळी ठेवायची आणि बाजूच्या दोन खुडायच्या."

भोयरभाऊ माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी उभ्या पिकात ढोरं सोडायला सांगितली.

"शेठ, वांग्याची कळी गळू नये म्हनून जलमभर तुमच्याच दुकानातून औषध नेलं. आता तुमीच म्हनता, तोडा?"

खूप समजावलं, तेव्हा गेले. पुढच्या आठवड्यात आले ते तोंड पाडून.

"तोडल्या का कळ्या?"

"माहा तं हातच नाही झाला. बायकोले सांगितलं. तिनं बिचारीनं डोळे मिटून तोडल्या."

"मग?"

"मंग काय! मधलीच गेली!"

*

राऊत डॉक्टर हुशार माणूस, पण त्यांना प्रत्येक आजारात म्हैस दिसते.

डेलियाचं फूल जड असतं, मान वाकते. काठी रोवून सुतळीनं सैलसर बांधलं की झालं. पण डॉक्टरांनी झाड तपासलं आणि निदान केलं, "कॅल्शियम कमी पडलं!" व्यालेल्या म्हशीला देतात ती अख्खी बाटली त्यांनी कुंडीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी भोयरभाऊंचा एकच प्रश्न. "डॉक्टर, मान राहू द्या. दूध किती देऊन राह्यली ते सांगा!"

*

छायाताई माहेरी, रिठदला, डेलियाची कुंडी घेऊन निघाल्या. एसटीत गर्दी नव्हती, म्हणून कुंडी शेजारच्या सीटवर ठेवली. कंडक्टर आला.

"मॅडम, सीटवर बसलं म्हंजे तिकीट लागन."

"अर्धं द्या मंग. बाई हाय थे."

"कशावरून?"

"डोक्यात फूल नाही दिसत काय?"

कंडक्टरही वऱ्हाडातलाच. त्यानं कुंडीकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "एवढीशी तं हाय. लेकरू समजून फुकट नेतो. पन मंग मांडीवर घ्या!"

रिठदपर्यंत कुंडी मांडीवर गेली. उतरताना कंडक्टरनं विचारलं, "बाळाले पानी पाजलं का?"

*

एक किस्सा माझ्या गल्ल्यावरचा. ओळखीचे एक गृहस्थ घाईघाईनं आले.

"शेठ, रविवारी पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. अंगण लयच उघडं दिसते. रविवारपर्यंत फुलन असं काहीतरी द्या."

मी म्हटलं, "बापू, रविवारपर्यंत फक्त केसांचा रंग येतो. डेलियाला दोन-अडीच महिने लागतात."

पण त्यांचं तोंड बघवेना. माझ्या घरची फुललेली पिवळ्या डेलियाची कुंडी दिली. बोलीवर दिली बरं, सोमवारी परत! पाहुणे आले, पोहे झाले, मुलाच्या आईनं विचारलं, "फुलं कुनी लावली?" मुलगी खरं बोलणारी. म्हणाली, "सोमवारपर्यंत मागून आनली." त्या बाई हसून हसून बेजार! लग्न तिथंच पक्कं झालं.

सोमवारी मी कुंडी मागायला गेलो, तर बापू म्हणतात, "आता कशी देऊ? थे विहिनबाईनं पसंत केली!"

मुलगी सासरी गेली, कुंडीही गेली. दिवाळीला दोघींची खुशाली येते.

*

आता वानखेडे साहेबांवर येतो.

साहेबांकडे एक डेलिया आहे, काळपट जांभळ्या रंगाचा. पिकल्या जांभळासारखा, म्हणून नाव पडलं जामून. चिखलदऱ्याला फिरायला गेले होते, तिथल्या एका बंगल्याच्या माळ्यानं त्यांना एक कंद दिला. मी इतकी वर्षं धंद्यात आहे, पुण्याहून माल मागवतो, पण तो रंग पुन्हा कुठं दिसला नाही. अख्ख्या कारंज्यात जामून एकच घरी.

आणि साहेब कंदाचा तुकडाही कुणाला देत नसत! कटिंगसुद्धा नाही. आम्ही चौघांनी मागून पाहिलं. छायाताईंनी राखी बांधून पाहिलं. राखीला साडी मिळाली, कंद नाही.

"सातबारा मागा, आत्ता काढून आनून देतो. जामून मागू नका. सगळ्याईच्या दारात आला, तं माह्या दारात कोन पाहाले येईन?"

खरंच होतं ते. साहेबांची मुलं नोकरीनिमित्त बाहेर. थंडीत जामून फुलला की त्यांच्या फाटकाशी रोज कुणी ना कुणी उभं असायचं, आणि साहेब इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून अंगणात. वहिनी चहा करून थकायच्या, पण तक्रार नाही. घर भरलेलं वाटायचं.

*

तर या जामूनचे कोवळे शेंडे गायब व्हायला लागले. आज एक, परवा दोन. साहेब लालबुंद! शेजारी रफिकभाई, सायकल दुरुस्तीवाले. त्यांची बकरी रानी. मधली भिंत कमरेएवढी. संशय दुसऱ्या कुणावर घेणार?

पंचनाम्याला राऊत डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर उकिडवे बसले, चष्मा लावला, तुटलेला शेंडा बोटानं फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "बकरीच! दाताचा कट साफ दिसतो."

रफिकभाई भिंतीपलीकडून म्हणाले, "वानखेडे साब, मेरी रानी गरीब है, चोर नहीं!"

साहेबांनी ऐकलं नाही. भिंतीवर जाळी आली. दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. दर ईदेला भिंतीवरून येणारा शिरखुर्म्याचा डबा बंद, भीमजयंतीला जाणारं खिरीचं पातेलंही बंद. वहिनी हळहळल्या, "फुलापायी शेजार गेला." पण साहेबांपुढे बोलणार कोण? आणि नवल म्हणजे जाळी लावल्यावरही शेंडे जातच होते.

"उडी मारते सायची!" साहेब म्हणायचे.

*

गेल्या रामनवमीची गोष्ट. डेलियाचा हंगाम संपला होता. झाडं वाळली की कंद काढायचे, सावलीत सुकवायचे आणि पावसाळा सरेपर्यंत कोरड्या रेतीत ठेवायचे, ही पद्धत. साहेबांनी जामूनचे सगळे कंद काढून ओसरीत टोपलीत रेती घालून ठेवले होते.

आमच्या चौघांचा उपास. साहेबांच्या घरी उपास नसतो, पण वहिनींचं मन मोठं. म्हणाल्या, "फराळाले आमच्याकडं या." इंझोरीहून त्यांची मोठी बहीण आक्का आलेल्या होत्या. वहिनी बाजारात गेल्या आणि स्वयंपाकघर आक्कांच्या हाती आलं.

फराळाला भगर, शेंगदाण्याची आमटी, केळी आणि तुपातला रताळ्याचा कीस. कीस गोडाला जरा कमी होता, पण आक्कांनी जिरं-मिरची अशी घातली होती की भोयरभाऊंनी दोनदा घेतला. साहेब म्हणाले, "उपास तुमचा, पन कीस मलेबी वाढा." त्यांनी तीनदा घेतला. बोटं चाटत विचारलं, "आक्का, या दिवसांत एवढी मोठी रताळी कोठं भेटली?"

"आनाची कायले? ओसरीत टोपलीभर पडून होती. कोन्या येड्यानं रेतीत बुजून ठेवली होती. सगळी धुतली, सगळी किसली!"

घास तोंडात तसेच राहिले.

छायाताईंनी हळूच विचारलं, "डॉक्टर, इषारी तं नाही ना?"

"जनावराले काही होत नाही," डॉक्टर म्हणाले.

साहेब ताटाकडे बघत बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "गेला. आता यंदा फाटकाशी कोन येईन?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. वहिनी दारातच पिशवी घेऊन उभ्या.

मग भोयरभाऊ खाकरले. "साहेब, एक सांगू? मारसान नाही ना? माह्या मळ्यात, तुरीच्या मांगं... दोन जामून हायत."

साहेबांनी मान वर केली.

"कटिंग लावली होती. शेंडा खुडून," भोयरभाऊ म्हणाले.

छायाताई पदराशी चाळा करत बोलल्या, "दादा, रिठदले माहेरी हाय एक. थे एसटीतली कुंडी..."

आता सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टर भगरीत काहीतरी शोधत होते. "दवाखान्याच्या मागं. तीन," ते भगरीलाच म्हणाले.

"आन् शेठ, तुमच्याकडं?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो. देवाशप्पथ खरं होतं. व्यापारी मी, आणि अख्ख्या मंडळीत रिकाम्या हाताचा मीच! त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

साहेबांनी 'दाताचा कट' ओळखणाऱ्या डॉक्टरांकडे एकदा पाहिलं. मग उठले. ताटातली केळी उचलली, ओसरी ओलांडून भिंतीपाशी गेले आणि जाळीची तार सोडवायला लागले.

"रफिकभाई! ओ रफिकभाई! रानीले बाहेर आना."

रफिकभाई सायकल टाकून धावत आले. "क्यों साब? अब क्या खाया उसने?"

"तिनं काही नाही खाल्लं," साहेब म्हणाले. "आमी खाल्लं!"