बाईंना उशिरा पोचलेली भुताची गोष्ट

हिंगोलीत आम्हा कॅथलिकांची घरं थोडीच. मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत होते आणि त्यासाठी फादर बाहेरगावाहून येतात. मी एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि सुटीच्या दिवशी भुताच्या गोष्टी लिहिते. माझी भुतं कुणाचा गळा दाबत नाहीत. मेल्यावर काही आत्मे देवाकडे पोचण्याआधी शुद्धिस्थानात थांबतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेनं त्यांची वाट सोपी होते, असं आम्ही मानतो. माझी भुतं ती प्रार्थना मागायला येतात. दिवाळी अंकाच्या संपादकांना ती मवाळ वाटायची. जरा घाबरवा की, असं ते फोनवर म्हणायचे.

या गोष्टींची खरी वाचक म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत एकट्या राहायच्या. बौद्ध घरातल्या; देव, आत्मा, भूत यांतलं काहीच न मानणाऱ्या. तरी प्रत्येक गोष्ट छापायला जाण्याआधी त्यांना दाखवावी लागायची. एकदा मी हळद शिजवणाऱ्या बाईचं भूत लिहिलं, तर तू कधी हळद शिजताना बघितली आहेस का, असं त्यांनी विचारलं. मी जवळच्या हट्टा गावात एका शेतावर जाऊन दिवसभर बसले आणि ती पानं परत लिहिली.

एका दुपारी त्यांनी वाचून झालेले कागद मांडीवर ठेवले.

"तुझ्या भुतांना प्रार्थना करणारं कुणीतरी भेटतंच," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या घरात कुणी देवच मानत न्हाई, त्या माणसांचं तुझ्या गोष्टीत काय होतं?"

त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेही देव मानत नसत. माझा चेहरा बघून त्या हसल्या.

"आमच्या यांना मात्र भूत करू नको. त्यांना आवडायचं न्हाई."

पुढच्या मिस्सेनंतर चहा घेताना मी फादरांना तेच विचारलं. ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक होती, अशा मृतांचीही आठवण आपण मिस्सेत करतोच, असं ते म्हणाले. देवाच्या वतीनं आपण कुणासाठी दार लावू नये.

त्यातून एक गोष्ट सुचली. नरसीच्या रस्त्यावर संध्याकाळी एक मेलेली नर्स उभी असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, माझ्यासाठी प्रार्थना करा. लोक तिला बघून गाडी पळवतात. एक माणूस थांबतो. मला प्रार्थना येत नाही, मी देव मानत नाही, असं तो सांगतो. मग आपल्या बाटलीतलं पाणी तिला देतो आणि रस्ता सामसूम होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहतो. सकाळी ती तिथं नसते. पुन्हा कुणाला दिसत नाही.

पाणी प्रार्थनेच्या जागी चालेल का, हे मला ठरवता येईना. गोष्टीच्या शेवटी 'आमच्या बापा' ही आमची रोजची प्रार्थना घातली, काढली, परत घातली. फादरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, लिही. तरी मी खोडत राहिले. बाई गल्लीत दिसल्या की विचारायच्या, झाली का गं? मी म्हणायचे, अजून थोडी राहिलीय. असे दोन हळदीचे हंगाम गेले. त्या काळात बाई गॅस चालू ठेवून विसरू लागल्या, बाजारातून घरी यायची वाट चुकू लागल्या. एक दिवस त्यांची मुलगी त्यांना वसमतला घेऊन गेली.

गोष्ट पुरी झाली तेव्हा ती कुठंही न पाठवता मी आधी वसमतची एसटी धरली. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, असं मुलीनं दारातच सांगितलं. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. मी सगळी गोष्ट वाचून दाखवली. वर्गात पोरांचं वाचन ऐकायच्या तशा, हात मांडीवर ठेवून त्या ऐकत होत्या. पाणी दिल्याच्या जागी त्या थोड्या पुढं झुकल्या. मी थांबले. मग पुढं वाचत गेले.

संपल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"चांगलं वाचता तुमी. कोणत्या वर्गाला शिकवता?"

मी पाचवीत असल्यापासून त्या मला अगं-तुगं करायच्या.

"पाचवीला," मी म्हटलं.

"मग भुताच्या गोष्टींनी लेकरायला घाबरवू नका."

"न्हाई घाबरवत, बाई."

आत मुलगी चहा गाळत होती. आई आज खूप दिवसांनी एका जागी इतका वेळ बसली, असं ती म्हणाली. मी चहा घेतला आणि निघाले. एसटीत कागद पिशवीतून बाहेर काढावेसे वाटले नाहीत.

ती गोष्ट गेल्या दिवाळीत छापून आली. संपादकांनी या वेळी घाबरवायला सांगितलं नाही. अंक मी वसमतला पोचता केला, पण बाईंचं वाचणं तोवर थांबलं होतं.

मी अजून लिहिते. आता गोष्ट रखडू देत नाही, झाली की पाठवून देते. परवाच्या गोष्टीत विहीर गावाच्या कुठल्या अंगाला आहे, ते मी दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं होतं. ते तसंच छापून आलं.