वेंडेलला हवी असलेली पाटी

वेंडेल स्टट्झसारखा लाळघोट्या अख्ख्या ह्यूस्टनमध्ये सापडायचा नाही. अंतराळवीर दिसला की याचा कणाच गायब! अकरा वर्षं आम्ही शेजारी बसलो. सरावाच्या यानात मुद्दाम बिघाड घालायचे आणि अंतराळवीरांचं दल ते कसं निस्तरतं ते बघायचं, हे आमचं काम.

वेंडेलला वेड एकच, पाटीचं. मोहीम संपली की तिची पाटी नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लागते, आणि ती कोणी लावायची ते दल ठरवतं. अकरा वर्षांत याला कुणी विचारलं नव्हतं. कशाला विचारतील?

त्या उन्हाळ्यात यान अंतराळस्थानकाजवळ दहा मीटरवर नेऊन, न जोडता मागे फिरवायची तालीम चालू होती. कमांडर रस्क म्हणजे नुसता माज! "दारापर्यंत जाऊन परत यायचं, त्यात शिकायचंय काय?" म्हणायचा. आदल्या दोन सरावांत चुकला होता. शेवटच्यात चुकला की मोहिमेतून बाद.

शेवटच्या सरावाच्या दिवशी दुपारी जेवणात ब्रिस्केटचं मांस चापताना वेंडेलनं मला फुशारकीनं सांगितलं, की बिघाडांची यादी त्यानं रस्कला देऊन टाकलीय.

"लाज नाही वाटली?"

"अगं नॅन, पाटी मलाच देतो म्हणालाय तो!"

"डोंबल देतोय!"

मी तशीच उठले आणि बिघाड बदलला. यादीत यानाला ढकलणारा डावा जेट गळणार होता, मी उजवा गळवला. बिघाडाचा दिवा लागताच रस्कनं आकडे बघितलेसुद्धा नाहीत. पाठ केल्याप्रमाणे डावाच बंद केला. गळका उजवा ढकलतच राहिला, यान घसरत गेलं आणि स्थानकावर आदळलं. पडद्यावर होतं म्हणून बरं.

सराव संपला की ज्यानं त्यानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, अशी आमच्याकडे रीत. रस्क मात्र भडकला होता.

"माझी कसली चूक? यादीत डावा लिहिला होता!"

"कसली यादी?" सरावप्रमुख बेकमसाहेबांनी विचारलं.

"ह्यानंच दिलेली." रस्कनं हनुवटीनं दाखवलं. "हा जाड्या. काय रे, नाव काय तुझं?"

वेंडेल ताडकन उठला. मला वाटलं, आता तरी चिडेल हा माणूस. कसलं काय! चेहरा नुसता फुललेला, अंतराळवीरानं नाव विचारलं होतं ना!

"वेंडेल, सर. वेंडेल स्टट्झ."

बेकमसाहेब ते नाव लिहून घेत होते, आणि हा रस्ककडे बघून हसत होता.